पेट्रोलच्या माथी

अण्णा, तुमची पांढरी गाडी आता माझ्याकडे आहे. नांदेडच्या आपल्या गॅरेजसमोर, तुम्ही लावायचात तिथंच उभी असते. जाण्याच्या आदल्या वर्षी तुम्ही ती तुमच्या लेकीला दिलीत आणि मला दिलीत ती हातभर रबरी नळी, जिचं एक टोक कानाला लावून तुम्ही इंजिनाच्या पोटातलं ऐकायचात. डॉक्टर बापानं लेकीला घर द्यावं आणि पोराला स्टेथोस्कोप, तसं वाटलं मला. गॅरेज अख्खं माझ्याच नावावर होतं, तरी ती गाडी मनात डाचत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात तुमची लेक अहमदपूरहून गाडी घेऊन आली. ती शिकवते ती शाळा खेड्यावर असल्यानं रोज गाडीनंच जाऊन-येऊन करायची. म्हणाली, "दादा, लई त्रास द्यायलीय रे. उभी केली की थरथरतीय, चौकात बंदच पडतीय. मागून ट्रकवाले हॉर्न मारतेत, मला घाम फुटतोय." समोरचा पिवळा दिवाही पेटलेला. मी स्कॅनर जोडला. त्यानं सांगितलं, हवा जास्त, पेट्रोल कमी.

तुमच्या वेळचं पेट्रोल आता राहिलं नाही. उसाचं, मक्याचं इथेनॉल मिसळूनच येतं. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त सोडावं लागतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन बघतो, त्यावरून कॉम्प्युटर इंधन वाढवतो आणि वाढवता वाढवता हात टेकले की दिवा लावतो. पण कुठल्या फाटक्या पाइपातून चोरून हवा शिरली, तरी सेन्सरला तेच दिसतं. कारण त्याला कळत नाही, ते माणसानं शोधायचं. एका गिऱ्हाइकाला मी न बघताच "कार्बोरेटर गेला" म्हणालो होतो, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत झापलं होतं, "आधी कान लाव, मंग तोंड उघड."

मी तिला म्हणालो, "बाई, आताचं पेट्रोलच असं हाय. जुन्या गाडीला सोसंना. ही आता खर्चच काढणार." सगळं गाव पेट्रोलला शिव्या देतंय, तिला का पटणार नाही? "मग काय अण्णांची गाडी भंगारात द्यायची?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "माझ्याजवळ राहू दे." ती म्हणाली, "हाव, तुझ्याजवळच बरी." पैशाचं काढलं तर रागावली. स्टिअरिंगवरून हात फिरवून चावी दिली आणि रडली. तिला बसस्टँडवर सोडायला मी तीच गाडी काढली आणि मोकळ्या रस्त्यानं, कुठं न थांबता नेली. "आता तर बरी चालायलीय की रे," ती म्हणाली. मी म्हणालो, "पळताना चालते गं." पेट्रोलचा दोष असता तर पळतानाही दिसला असता; चोरून शिरणारी हवा उभ्या गाडीलाच छळते. हे तुम्ही लगेच ओळखलं असतं, तिला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी बोटभर रबरी पाइप बदलला. पेट्रोल त्याच पंपाचं भरतो. दिवा पुन्हा लागला नाही. ती मात्र रोज एसटीत उभी राहून शाळेला जाते. राखीला आली तेव्हा गाडीकडं बघून म्हणाली, "तू हायेस म्हणून टिकली." मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो. अण्णा, मला माझी लाज वाटते. हे खरं तर तिला लिहायचं, तिचा पत्ता मला पाठ आहे. तिला लिहायला हात धजत नाही, म्हणून जिथं पोचणार नाही तिथं लिहितोय.

आणि एक. फाटका पाइप मला दुसऱ्या दिवशी सापडला, असं नाही. ती शेजारी उभी असतानाच, तुमची नळी न लावताही, सूं असा आवाज ऐकू आला होता. मी चिरेवर बोट ठेवलं. आवाज थांबला, गाडीची थरथर थांबली. ती फोनवर शाळेतल्या कुणाशी बोलत होती. ती वळायच्या आत मी बोट काढून घेतलं.