तांब्याने केली ती आंघोळ नव्हे

तीर्थरूप दादा यांस आपल्या घड्याळजी मेहुण्याचा (अजून पुरता न वाळलेला) नमस्कार. आपली पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आपली धाकटी बहीण तणतणत आपल्याकडे पोहोचली असेलच. तिने सांगितले ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे वाचा आणि तिला परत पाठवा, एवढेच मागणे.

घड्याळे दुरुस्त करायला मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, हे आपण जाणता. वस्तू उघडून पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. तसाच परवा ‘आंघोळ’ हा शब्द उघडला. एका बाजूला ‘अंग’ निघाले, दुसऱ्या बाजूला ‘घोळणे’. (समोरचे भाषेचे मास्तर म्हणाले, “इतकं सरळ नसतं हो ते!” पण त्यांचे घड्याळ कायम वीस मिनिटे मागे.) म्हणजे अंग पाण्यात चांगले घोळले पाहिजे. आपण सगळे तांब्याने डोक्यावर ओततो, ती नुसती शिंपडाशिंपडी! हे मी हिला समजावले. शिलाई मशीनवरून मान वर न करता ही म्हणाली, “घोळा नाहीतर लोळा, पण लवकर आटपा. मला कपडे धुवायचेत.”

परवानगी मिळाली. मी बाथरूमच्या जाळीत कापडाचा बोळा कोंबला, दाराशी फळी आडवी ठोकली, फटींत रंगाऱ्याकडची लांबी भरली (तीही दोन हात) आणि दोन्ही नळ सोडले. गुडघाभर पाण्यात उतरलो. दादा, पहिल्या घोळीत जन्मभराचा शीण गेला. दुसऱ्या घोळीत टाच फळीला लागली.

पाणी थेट बैठकीत. तिथे हिने गिऱ्हाइकांचे कपडे इस्त्री करून चादरीवर मांडले होते. एका लाल झग्याने शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यांना आपल्या रंगात ओढले. ही शांतपणे म्हणाली, “हेही घोळले गेलेत. म्हणजे यांचीसुद्धा आंघोळ झाली ना?”

विचारले म्हणून मी सांगितले, “व्याख्येप्रमाणे, हो.”

तेवढ्यावर तिने पिशवी उचलली. आता आपणच न्याय करा. सदरे मी स्वतः धुतले आहेत. एकच गुलाबी राहिला, आणि तो तसा बरा दिसतो. तिच्याविना घरात मशीनची खडखड नाही, मला घड्याळांची टिकटिक नको इतकी ऐकू येते. तिला समजवा.

तत्त्वावर ठाम असलेला,
आपला मेहुणा

ता. क. : बोळा कशाचा होता हे तिला अजून ठाऊक नाही. आपण तिला दिलेल्या लोकरी शालीचा. शाल भिजून फुगली आहे, ओढून निघत नाही. तेव्हा हिला पाठवायची घाई करू नका. आधी प्लंबर येऊन जाऊ दे.

आणखी एक : तोवर आंघोळीला आपल्याकडे येऊ का? तांब्याने चालेल.