कुशीवर वळवणारा हात

आबा,

तुम्ही ज्या झोपेतून उठला नाहीत, त्या झोपेविषयी मला तुमच्याशी बोलावयाचे आहे. इतकी वर्षे आपल्या घरात त्या झोपेचा उल्लेख अभिमानाने होत आला. मीही तो तसाच करीत आलो. पाहुण्यांसमोर, मुलांसमोर, “आमचे वडील झोपेत गेले, कोणाला हाक मारली नाही, कोणाकडे पाणी मागितले नाही,” असे सांगताना माझी मान ताठ होत असे. आता मी तुमच्या त्या वयाहून बराच मोठा झालो आहे आणि नाकाला यंत्र लावून झोपतो आहे. हे यंत्र घरात आल्यापासून ते वाक्य मला उच्चारवत नाही.

चौथीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही मला शाईचे पेन आणून दिलेत आणि म्हणालात, “ल्ह्यायचं तर सरकारी कागदागत ल्ही. कुणी बोट ठेवाय नगो.” पुढे शाळा सुटली, मी उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो, परंतु तुमची ती आज्ञा मोडली नाही. म्हणून हेही शक्य तितके नीट लिहीत आहे.

तुमचे घोरणे सर्व गूळबाजाराला ठाऊक होते. दुपारची भाकरी झाली की तुम्ही भेलींच्या थप्पीला पाठ टेकत असा आणि बोलता बोलता तुमचे डोळे मिटत. हमाल हसत आणि म्हणत, “मुकादमाचा ट्रक सुरू झाला बघा, बाजूला व्हा!” आपल्या गल्लीतही म्हणत की, आबा घोरतात तोवर चोराची छाती व्हायची नाही. मला ते सर्व तुमच्या बळाचे लक्षण वाटे. मीही तिशीनंतर तसाच घोरू लागलो, तेव्हा मनातून संतोष पावलो होतो. परंतु लहानपणी आपल्या माळ्यावर मी झोपतो आहे, खाली तुमचे घोरणे चालले आहे, आणि मध्येच ते तुटते आहे, हेही मला आठवते. सारे घर निःशब्द होते. मग आईच्या बांगड्या वाजतात, तिचा आवाज येतो, “आवं, कुशीवर व्हा की,” आणि तुमचे घोरणे एका मोठ्या हिसक्याने पुन्हा सुरू होते. मी निश्चिंत होऊन कूस बदलतो. त्या मधल्या शांततेत काय चालले होते, हे मला गेल्या वर्षी एका डॉक्टर बाईंनी सांगितले.

मला दिवसा झोप अनावर होऊ लागली होती. दाढी करताना, वर्तमानपत्र वाचताना, एकदा तर शोकसभेत उभ्या उभ्या डोळा लागला. अंगाला तारा लावून रात्रभराची तपासणी झाली. डॉक्टर बाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी कागदावर घशाचे चित्र काढून दाखवले. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास थांबतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो, आणि असे रात्रभर चालते. मी म्हणालो, घोरणे हे तर गाढ झोपेचे लक्षण आहे. त्या म्हणाल्या, “उलट आहे आजोबा. तुमची झोपच होत नाही.” मग मी तुमच्याविषयी विचारले. “इतक्या वर्षांनी खात्रीनं कसं सांगणार? पण तुम्ही सांगता ते सगळं जुळतं.” एवढेच बोलल्या.

तुम्ही गेलात त्या रात्री आई घरी नव्हती, हे तुम्हांला ठाऊकच आहे. ती कुरुंदवाडला मामांच्या वास्तुशांतीला गेली होती. दुसऱ्या दिवशी तिला आणले तेव्हा ती तुमच्या पायांशी बसून एकच वाक्य बोलत होती, “मी असते तर कुशीवर केलं असतं.” आत्या तिला म्हणाल्या, “गप बस बाई. असलं मरण देवाला बी मिळत न्हाय.” सर्वांनी आत्यांना दुजोरा दिला. आईने पुढे ते वाक्य कधी उच्चारले नाही. ती कधी माहेरी मुक्कामालाही राहिली नाही. आम्ही समजलो, मामांशी काही बिनसले असेल.

यंत्र आहे जेवणाच्या डब्याएवढे. त्यातून एक नळी निघते, नळीला मास्क, आणि मास्कमधून दाबाने हवा येते. ती हवा घशाची वाट मिटू देत नाही. यंत्राशी माझे वैर नाही, आयुष्य यंत्रापुढे उभे राहून काढले आहे. परंतु तो मास्क नाक-तोंड दोन्ही झाकणारा. मळणीच्या बैलाला मुसके बांधावे तसा मी आरशात दिसलो. शिवाय माझी मिशी. तुमच्यासारखीच, भरघोस, टोकाला वळलेली. मास्कची कड केसांवर बसेना. हवा फुरफुर करीत वर डोळ्यांत जाई. सकाळी डोळे लाल होत. पट्टे आवळले तर नाकाच्या दांड्यावर वळ उठे. मास्क देणाऱ्या गृहस्थाने बजावले होते की, काही त्रास झाला तर फोन करा. मी केला नाही. आमच्या कारखान्यात ज्याला आपले यंत्र आपण जुळवता येत नसे, त्याला आम्ही कामगार म्हणत नव्हतो. मी यंत्र पेटीत बंद करून माळ्यावर ठेवले आणि घरात सांगितले की, ते मला मानवत नाही.

त्याच सुमारास तुमच्या सुनेच्या, म्हणजे हिच्या, भावाच्या नातीचे कागलला लग्न ठरले. दोन दिवसांचा कार्यक्रम. ही म्हणाली, गुडघे दुखतात, मी येत नाही. माहेरचे कार्य आणि ही जात नाही, याचे मला नवल वाटले. एके दिवशी दुपारी मी बाहेरच्या सोप्यात बसलो होतो. मला झोप लागली आहे असे समजून ती स्वयंपाकघरात आमच्या सुनेशी बोलत होती.

“गुडघ्याला काय धाड भरल्या? ह्यांचा श्वास थांबतोय गं. हलवलं की सुरू हुतोय. मी तिकडं जायची आणि हिकडं...”

“आम्ही हाय की, आई.”

“तुम्ही वरच्या मजल्यावर. तुमास्नी काय ऐकू येतंय?”

नंतर तांदूळ निवडण्याचा आवाज तेवढा येत राहिला. आबा, मी डोळे उघडले नाहीत. कुरुंदवाडचे कोडे मला तेथे उलगडले. आई मामांवर रुसली नव्हती. घराबाहेर राहिलेल्या त्या एका रात्रीची ती जन्मभर शिक्षा भोगत होती. आणि जिला मी लग्न करून आणले, ती तसलीच रात्र टाळण्यासाठी वर्षानुवर्षे अर्धवट जागी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी पेठेतल्या नेहमीच्या न्हाव्याकडे गेलो आणि मिशी काढण्यास सांगितले. त्याने वस्तरा खाली ठेवला.

“कोण गेलं, काका?”

“कोणी गेले नाही. काढा.”

“तशी न्हाय काढत आम्ही. इपरीत असतंय ते. कोण गेलं ते सांगा, मग काढतो.”

मी म्हणालो, “वडील.”

तो आरशातून माझ्याकडे पाहत राहिला. “तुमचं वडील? आवं, मी जन्मायच्या आधी गेल्यात न्हवं ते?”

“गेले आहेत की नाही? मग काढा.”

तुमच्या दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर ती उतरवली होती. आईच्या वेळी पुन्हा. त्यानंतर याच वेळी. घाटावर मला रडू आले नव्हते, कारण भाग्यवंताच्या मरणाला रडू नये असे मला सांगितले होते. न्हाव्याच्या खुर्चीत मात्र डोळ्यांत पाणी आले. साबण गेला असे त्याला वाटले आणि त्याने टॉवेल दिला.

घरी येईपर्यंत तीन ठिकाणी अडवले गेलो. तालमीपाशी एक जुने मित्र अक्षरशः भांडले, “मातीला बोलावलं न्हाईसा? आम्ही काय परकं हाय?” ही दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. “अगं बया! कुणाचं वो?”

“कुणाचे नाही. तुझ्या कागलच्या लग्नाकरिता काढली.”

“लग्नाला मिशी काढत्यात व्हय कधी?” असे म्हणून ती हसू लागली, आणि मी माळ्यावरून पेटी उतरवली तेव्हा तिचे हसणे थांबले. ती खाली शिडी धरून उभी राहिली.

मास्क आता चिकटून बसला, परंतु नाकाचा दांडा सोलून निघाला आणि तोंड झाकले की जीव गुदमरे. तेव्हा नाइलाजाने मी पेटी घेऊन त्या मास्क देणाऱ्या गृहस्थाकडे गेलो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला.

“काका, मिशी कशापायी काढलीसा? मिशीवाल्यास्नी ह्यो बारका मास्क असतोय की!”

“मला कोणी सांगितले नाही.”

“तुम्ही इचारलं कुठं?”

मी पेटी त्याच्यापुढे सरकवली. तो बारका मास्क म्हणजे दोन मऊ बोंडे. नाकपुड्यांखाली टेकतात, मिशीला स्पर्श नाही, डोळ्यांपुढे काही नाही. हवा प्रथम मंद यावी आणि मग वाढावी, अशी सोयही त्याने लावून दिली, आणि सांगितले की, आधी दिवसा बसून सवय करा. म्हणून मी दुपारी सोप्यात तो लावून वर्तमानपत्र वाचीत बसू लागलो. ही जाता येता म्हणे, “गणपती बसल्यात.” मी तिला उत्तर देत नसे, तोंड उघडले की हवा बाहेर पडते. हळूहळू तो नाकाखाली आहे याचा मला विसर पडू लागला. सकाळचे डोके जड राहीनासे झाले. एके दिवशी उठलो तर ही माझ्या शेजारी गाढ झोपलेली, तोंड किंचित उघडे. लग्नापासून ती माझ्याआधी उठलेली आहे. तिचा झोपलेला चेहरा मी पाहिला नव्हता, हे मला त्या वेळी समजले. मी चहा स्वतः केला. साखर अधिक पडली.

काल सर्व मंडळी कागलला गेली. मी गेलो नाही, कारण मिशी अजून पुरती आलेली नाही, आणि सुतकातल्या माणसासारखे तोंड घेऊन मांडवात उभे राहणे अशुभ. निघताना ही तीन वेळा मागे वळली. मी म्हणालो, “यंत्र आहे. जा.” ती गेली, आबा. माहेरच्या कार्याला, मुक्कामाला.

आज सकाळी तिचा फोन आला. मागे सनई, बायकांचा गलका. “लावलं होतं न्हवं? झोप लागली?” मी म्हणालो, उत्तम लागली. तिने हळदीचे सांगितले, कोणी कोणती लुगडी नेसली ते सांगितले, आवाज अगदी लग्नाआधीच्या मुलीसारखा.

हा कागद मी कोठे ठेवणार नाही. पाणी तापवताना बंबात घालीन. घरात कोणी वाचावा असा तो नाही. तुम्हांला मात्र खरे सांगतो. काल रात्री यंत्र व्यवस्थित चालले होते. मास्क कोठे टोचत नव्हता. तरीही रिकाम्या घरात मला डोळे मिटण्याची भीती वाटली, आणि पहाटे दूधवाल्याने कडी वाजवली, बाहेर माणूस जागा आहे हे कळले, तेव्हा कोठे डोळा लागला. आजही ती तिकडेच राहणार आहे. फोन ठेवता ठेवता तिने विचारले होते, “येऊ का संध्याकाळच्या गाडीनं?” मी नको म्हणालो.