सुपातली चावी

२६ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधला आजचा माझा संदेश जबरदस्त झाला. विषय: हात सैल सोडा. श्रीमंताला स्वर्ग अवघड म्हणणारा, सुईच्या नेढ्याचा आणि उंटाचा उतारा यंदाही वगळला. लोक उगाच गोंधळतात.

सभेनंतर कासार आंबोलीच्या चंद्राबाई गाडीपाशी उभ्या. म्हणाल्या, गुडघं लई दुखत्यात, घरापातुर सोडा की, पाय झाडून बसते. मी प्रेमाने समजावलं की सीट पांढऱ्या आहेत, शिवाय गाडीत मी प्रार्थना करतो, एकांत लागतो. बरं म्हणाल्या आणि बसस्टॉपकडे गेल्या. अंडी विकून त्यांनी वाहननिधीला पैसे दिले होते, हे मला उगाचच आठवलं.

गाडीबद्दल एकदा स्वच्छ लिहून ठेवतो. ती प्रभूची आहे. आरसी बुकात नाव माझं, कारण प्रभूचं आधार कार्ड नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नवी व्हिजिटिंग कार्डं आली. 'अपोस्टल डॉ. दयानंद, विपुल आशीर्वाद फेलोशिप, भूगाव.' टायरच्या दुकानावर, पहिला मजला, हे मुद्दाम काढून टाकलं. डॉक्टरेट ऑनलाइन असली तरी सर्टिफिकेटला सोनेरी किनार आहे.

शुभांगीला दाखवलं. बायको असून अभिनंदन नाही. कशातली डॉक्टरेट, म्हणाली. मी म्हटलं, विपुलतेतली. तिने कार्डाच्या कोऱ्या बाजूवर दूधवाल्याचे खाडे लिहिले. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला व्हिजन नसतं.

३० ऑक्टोबर, रात्री

परदेशातल्या एका मोठ्या प्रीचरचा व्हिडिओ दोनदा पाहिला. स्वतःचं विमान आहे. म्हणे, आधी आपली लाडकी गाडी देवाला 'पेरली', मग विमान उगवलं. डोळ्यांत पाणी आलं. विमान पांढरंच आहे.

आपल्याला विमान नको. नांदे गावात दोन एकर जमीन पुरे. तिथे चर्च आणि शेजारी पाळकाचं घर. आधी पाळकाचं घर. मेंढपाळच उघड्यावर असेल तर मेंढरांनी काय करायचं?

निश्चय: उद्यापासून पैशाचा विचार पूर्ण बंद.

२ नोव्हेंबर, रविवार

नांद्याच्या जागेसाठी खास दानाची थाळी फिरवली. नाण्यांचा आवाज फार आला. थाळी स्टीलची ठेवायलाच नको होती, पुढच्या वेळी आत मखमल.

चंद्राबाईंना कार्ड दिलं. त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि लगेच लुगडं वर करून गुडघे दाखवले. तुमी डाक्टर झालात बरं झालं, म्हणाल्या. मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. गुडघ्यावर ठेवा की, म्हणाल्या.

५ नोव्हेंबर

सुचलं! पहाटे, दाढी करताना.

सोळा तारखेला हंगामाचा सण. आपल्याकडची जुनी रीत: ज्याच्या घरी जे पिकलं ते सुपात घालून वेदीपुढे आणायचं, सभेनंतर लिलाव, पैसा चर्चला. आणि घेणारा भला माणूस वस्तू घरी नेतो का? नाही. 'पास्टर, हे तुम्हाला' म्हणून पाळकाच्या दारात ठेवतो. गेल्या वर्षी माझ्याकडे चार भोपळे, एक गावठी कोंबडा आणि अंडी परत आली.

भोपळा परत येतो, तर गाडी का नाही येणार?

मी सुपात गाडीची चावी ठेवणार. सभा हेलावणार. अण्णासाहेब बोली लावणार (प्लॉटिंगचा धंदा, फेलोशिपचे सगळ्यांत मोठे दाते), घेणार आणि चावी माझ्याच हातात देणार. गाडी घरी, पैसा नांद्याला, नाव जिल्ह्यात.

९ नोव्हेंबर, रविवार

अण्णासाहेबांना सरळ सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली: प्रभू, या बंधूला घेतलेलं परत देण्याची बुद्धी दे. ते दोन वेळा आमेन म्हणाले. म्हणजे समजले.

शुभांगीला प्लॅन सांगितला. तिने विचारलं, आणि नाही दिली परत तर? मी म्हटलं, विश्वास कमी पडतोय तुझा. ती म्हणाली, विश्वास आहे, म्हणूनच गाडीतली माझी छत्री काढून आणते.

आणलीसुद्धा.

१६ नोव्हेंबर, रविवार. हंगामाचा सण

नीट, क्रमाने लिहितो.

वेदीपुढे सुपंच सुपं. इंद्रायणी तांदूळ, भोपळे, घेवडा. चंद्राबाईंनी तलंगांची, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांची, जोडी आणलेली, त्या संदेशभर बोलत होत्या. तलंगा.

मी आयुष्यातला सर्वोत्तम संदेश दिला. म्हटलं, दिलेल्याकडे जो मागे वळून पाहतो त्याने दिलंच नाही. म्हटलं, गाडी काय, लोखंड आहे, पाय देवाने दिलेत. आणि चावी सुपात ठेवली. बाया रडल्या. लिलाव पुकारणारा फेलोशिपमधला तरुण रोहित माईकवर हुंदका देऊन थांबला. मलाही हुंदका आला, तो मात्र खरा होता.

अण्णासाहेबांची बोली पाच लाख. अठरा लाखांची गाडी! मी डोळ्यांनी खुणावलं, वर, वर. त्यांनी वर आढ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. दुसरं कुणी बोली वाढवेना. एक वार, दोन वार, तीन वार.

मी हात पुढे करून तयार. अण्णासाहेब चावी घेऊन माईकपाशी गेले. म्हणाले, इतकी वर्षं मी भोपळे परत देत आलो. आज ही चावी पास्टरांना परत दिली तर त्यांच्या त्यागाची थट्टा होईल. त्यांनीच प्रार्थनेत सांगितलं, घेतलेलं परत दे. तर ज्यांच्या पैशातून ही गाडी आली त्यांना परत देतो. आजपासून ही म्हाताऱ्या माणसांना सभेला आणेल, दवाखान्यात नेईल. डिझेल माझं, चालवेल रोहित.

टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या. सगळ्यांत जास्त वेळ मीच. हात खाली घेतले असते तर काय केलं असतं कळेना.

पाच लाख कमिटीने बँकेत टाकले. नांद्याचा विषय पुढच्या वर्षी.

घरी रिक्षाने आलो. दारात तीन भोपळे होते.

१८ नोव्हेंबर

अण्णासाहेब भावनेच्या भरात बोलले असणार. आज फोन येईल.

फोन आला. आरसी ट्रान्सफरच्या कागदांवर सही हवी होती. सही केली. 'डॉ.' लिहिलं नाही, आधार कार्डावर नाही म्हणून.

व्हिडिओवाल्या प्रीचरच्या चॅनेलवर कमेंट टाकली: पेरल्यावर साधारण किती दिवसांत उगवतं? उत्तर म्हणून दान देण्याची लिंक आली.

शुभांगीने भोपळ्याचे घारगे केले. चिडवेल असं वाटलं होतं. चिडवलं नाही, दोन जास्त वाढले. तेच जास्त लागलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

गाडी नाही याचं दुःख नाही. चालण्याने तब्येत सुधारते. आज घरून भूगावपर्यंत चालतच जाणार होतो. पिरंगुटच्या स्टॉपपर्यंत गेलो आणि नवा बूट चावला. बस भरून गेली, दुसरी थांबलीच नाही. सभा दहाची, साडेनऊ इथेच.

तेवढ्यात गाडी आली. पौडकडून, आपली. म्हणजे प्रभूची. रोहितने थांबवली. मागे चार म्हाताऱ्या, मांडीवर पिशव्या. पुढे चंद्राबाई, पट्टा लावून, काच खाली करून. सीटवर स्वतःचं धुतलेलं लुगडं घडी करून अंथरलं होतं, डाग पडू नये म्हणून.

मी म्हटलं, असू द्या, गर्दी आहे, मी येतो मागून. चंद्राबाई म्हणाल्या, अवो या की, माणसाला एकांत कशाला लागतोय. मागच्या दोघींना त्यांनी सरकायला लावलं.

मी दार उघडलं.

पास्टर, त्या म्हणाल्या, पाय तेवढं झाडून बसा. शिटा पांढऱ्या हायेत.

झाडले.