टिकोजी आपण होऊन गाडीत चढला, त्याची हकिकत

ती. आत्यास,

गुडघा परवानगी देतो तितका वाकून नमस्कार.

पत्र मिळालं. तुझा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. औषध बंद केल्यावर गेला, हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. आम्ही सगळे ठीक आहोत. लोक किल्ल्या हरवायचे थांबलेले नाहीत, त्यामुळे दुकान चालू आहे. सासऱ्यांनी नवे दात बसवले. ते दिसावेत म्हणून हल्ली ते कोणाच्याही बोलण्यावर हसतात.

तू लिहितेस की लेकीनं तळमजल्याचं घर घेतलं, मागं अंगण आहे, तेव्हा लवकरच येऊन टिकोजीला घेऊन जातेस. कुत्रा तुझाच. तिच्याकडे वरच्या मजल्यावर राहायला गेलीस तेव्हा ‘जरा सांभाळ’ म्हणून ठेवला होतास, हे मी विसरलेलो नाही. फक्त नेण्याआधी त्याची सद्यस्थिती कळवणं माझं कर्तव्य आहे. तू दिलास तेव्हा तो साधा कुत्रा होता. आता नगरपालिकेत त्याला ओळखतात.

सुरुवात आमच्या वर राहणाऱ्या व्हायोलिनच्या बाईंपासून झाली. बाई शिकवण्या घेतात. (स्वतः छान वाजवतात. शिकणारे वाजवतात तेव्हा सासरे दात काढून ठेवतात. कान काढून ठेवता येत नाहीत, म्हणून.) त्यांचे एक विद्यार्थी, बँकेतले जाडजूड गृहस्थ, व्हायोलिनची काळी पेटी घेऊन जिना चढू लागले, आणि टिकोजीनं त्यांना थेट वरच्या दारापर्यंत भुंकत पोचवलं. चावला नाही. पण गृहस्थ घाबरले, पेटी गडगडत खाली आली, आणि बाईंनी तक्रार केली. नगरपालिकेच्या प्राणी विभागानं कळवलं की निरीक्षक घरी येऊन कुत्र्याचा स्वभाव तपासतील. परका माणूस दार ठोठावेल, आत येईल, एकदम छत्री उघडेल, डबा जमिनीवर आपटेल, आणि कुत्रा खात असताना त्याचं ताट उचलेल. कुत्रा अंगावर गेला तर विभाग त्याला घेऊन जाईल.

मी लगेच तालीम सुरू केली. टिकोजीला परक्यांची सवय लावायची, तर परके हवेत. निरीक्षकाचं काम सासऱ्यांनी मागून घेतलं. (ते रेल्वेत तिकीट तपासनीस होते. टोपी अजून जपून ठेवली आहे.) ते बाहेर जायचे, टोपी चढवून दार ठोठावायचे, आत येऊन छत्री उघडायचे, आणि शेवटी टिकोजीला बिस्कीट द्यायचे. मग बेकरीवाला शेजारी यायचा, तीच टोपी घालून. मग मी, त्याच टोपीत. टोपी दिसली की शेपटी हलवायची आणि बिस्कीट घ्यायचं, एवढं टिकोजीनं पक्कं केलं. आमच्या हिनं मात्र भाग घेतला नाही. म्हणाली, “मी माझ्याच घरात पाहुणी होऊन येणार नाही. तुमचं नाटक आटपलं की छत्र्या जागेवर ठेवा.”

निरीक्षक आले. भला माणूस होता, जरा सर्दी झालेला. टोपी सरकारी. टिकोजीनं त्यांच्याकडे पाहिलं ते घरच्यांपैकीच कोणीतरी असल्यासारखं. छत्रीला त्यानं जांभई दिली. डबा आपटला तेव्हा डबा हुंगला. ताट उचललं तेव्हा बिस्किटासाठी खाली बसला. सासरे मात्र अस्वस्थ होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“इतकं हळू दार कोण ठोठावतं? जोर हवा. मी दाखवू का?”

“काका,” निरीक्षक नाक पुसत म्हणाले, “मी खराच निरीक्षक आहे.”

टिकोजी पास झाला. इतका शांत कुत्रा नोकरीत पाहिला नाही, असं ते म्हणाले. आम्ही बाईंना वर पेढ्यासारखं काही न्यावं असा विचार केला, आणि नेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात आमच्या गल्लीत भटकी कुत्री धरणारी गाडी आली. मी दुकानात एका तिजोरीपुढे पालथा पडलो होतो. टिकोजी पायरीवर. त्याचा पट्टा धुऊन तारेवर वाळत घातलेला. गाडीवाल्यानं खाली उतरून मागचं दार उघडलं. त्याच्या डोक्यावर टोपी होती. पुढचं बेकरीवाल्यानं पाहिलं: टिकोजी उठला, शेपटी हलवत गेला, आणि आपण होऊन आत चढला. जाळं लागलं नाही, दोर लागला नाही. गाडीवाला म्हणे बराच वेळ उघडं दार धरून उभा होता. त्याच्या आयुष्यात असं झालं नव्हतं.

मी आणि सासरे धावत कोंडवाड्यात गेलो. तिथल्या राखणदारानं विचारलं, “तुमचाच कशावरून?” मी फोटो दाखवला. त्यानं शेजारच्या पिंजऱ्याकडे बोट केलं. तिथं तसलीच तांबडी कुत्री आणखी होती, आणि फोटोत उजेड कमी आहे. निरीक्षकांनी ओळख पटवली असती, पण ते सर्दीच्या रजेवर होते. “हाक मारा,” राखणदार म्हणाला. मी “टिकोजी!” म्हणालो. तो धावत जाळीशी आला. माझा ऊर भरून आला. मग राखणदारानं “टिकोजी!” म्हटलं. तो त्याच्याकडेही तसाच धावला. झाडूवाल्याकडे गेला. कोणाचा तरी चहा घेऊन आलेल्या माणसाकडे गेला, आणि त्याच्यासाठी तर खाली बसला. राखणदार म्हणाला, “साहेब, हा सगळ्यांचाच आहे.” वर त्यानं असंही सांगितलं की सकाळी एक कुटुंब येऊन गेलं, त्यांना हा फार आवडला, आणि मालक ठरला नाही तर त्यांना देऊन टाकतील.

आत्या, पिंजऱ्याचं कुलूप मी पाहिलं. तसलं कुलूप मी बोलता बोलता उघडतो. पण मग माझा परवाना गेला असता, म्हणून मी दोन्ही हात खिशात घातले आणि तिथं बाकावर बसून राहिलो. सासरे प्रथमच कशावरही हसले नाहीत.

मग ही आली. बेकरीवाल्यानं सांगितलं असणार. हिनं हाक मारली नाही. नुसती जाळीपुढे येऊन उभी राहिली. टिकोजीची शेपटी थांबली. त्यानं कान पाडले, मान खाली घातली, हळूहळू चालत आला आणि जाळीतून पुढचा उजवा पाय बाहेर काढला. मग डावा.

“हा पाय का देतोय?” राखणदारानं विचारलं.

“पुसायला,” ही म्हणाली. “बाहेरून आला की पुसल्याशिवाय आत घेत नाही मी. बघा काय दशा केली आहे.” आणि तिनं पिशवीतून फडकं काढलं.

राखणदारानं कुलूप उघडलं. म्हणाला, “बाई, कुत्रा तुमचा.”

तेव्हापासून सगळं ठीक आहे. व्हायोलिनच्या बाईंची आता नवी तक्रार आहे की तो भुंकत नाही. भुंकायचा तेव्हा विद्यार्थी तो जेवत असतानाच जिना चढून जाता यावा म्हणून वेळेवर येत. टोपी आम्ही पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं. बाकी त्याचा त्रास म्हणशील तर फार आहे. मी कानशीनं किल्ली घासत असलो की माझ्या पावलांवर येऊन झोपतो. पाय बधिर होतात, पण हलवता येत नाहीत. दुपारी गिऱ्हाईक आलं तर त्यालाच थोडं पुढं वाकायला सांगतो. असा हा कुत्रा आहे. नेण्याआधी तुला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

लेकीला, जावयांना आशीर्वाद.

तुझा भाचा

ता. क. एका नगरपालिकेच्या हद्दीतला कुत्रा दुसऱ्या हद्दीत न्यायला बंदी आहे, असं ऐकतो. नियम कडक आहे म्हणे.

दुसरा ता. क. तसा नियम नाही. असला तर बरं, म्हणून निरीक्षकांना मुद्दाम विचारलं होतं. ते म्हणाले, खुशाल न्या.

तिसरा ता. क. आत्याबाई, हे मी लिहिते आहे, तुमची भाचेसून. नमस्कार. यांना तुम्हाला नाही म्हणता येत नाही, म्हणून इतकी पानं भरली. मला येतं. कुत्रा मिळणार नाही. तुम्ही मात्र या, आणि राहायला या. पुढची खोली रिकामी केली आहे. तुमची जुनी शाल त्यानं अंथरुणाला घेतली आहे. धुवायला उचलली की माझ्यावरसुद्धा गुरगुरतो. निरीक्षकांनी ती उचलून पाहिली नाही, म्हणून पास झाला.