सातवा भाग, सर्व दुकानांत एकाच शुक्रवारी

मी, गेशे उब्बेन, वय वर्षे छप्पन्न, वृत्तपत्राची वार्ताहर, राहणार बंदरामागे, लेर, जर्मनी, हे मृत्युपत्र कोणाच्याही आग्रहावाचून, बुद्धी ठिकाणावर असताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बुद्धीबद्दल शंका आल्यास माझा भाऊ हाब्बो याला विचारू नये. सबंध मजकूर स्वहस्ते लिहिला की आमच्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन ठेवले आहेत. हाब्बोला ओळखणाऱ्यांना कारण सांगायला नको.

निमित्त असे. परवा सोमवारी ओल्डेनबुर्गला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी आमच्या किनाऱ्याच्या प्लाट बोलीत लिहिलेल्या माझ्या बंदरावरच्या खूनकथेचा सातवा व शेवटचा भाग ई-पुस्तकांच्या सर्व दुकानांत यायचा आहे. छातीतली धडधड झडपेची की शुक्रवारची, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. माझ्या मते शुक्रवारची.

कलम पहिले. राहते घर आणि होडी हाब्बोस. होडी गळते हे त्याला वेगळे सांगत नाही; ती त्यानेच मला विकली.

कलम दुसरे. गॉटिंगेनला शिकताना घेतलेले संस्कृत कोश वृत्तपत्राच्या कचेरीस. तिथल्या खिडकीला अडकवायला काहीतरी जाड हवेच असते.

कलम तिसरे. प्रकाशक श्री. फ्रेरिक्स यांस काहीही नाही. पहिला भाग त्यांनी परत केला तेव्हा म्हणाले होते, "बाई, प्लाट बोलीत खून कोण करतं? त्या बोलीत लोक बटाटे विकतात." आता माझी पुस्तके वाचनालयातून उसनी मिळतात. त्यांनी सर्वांसारखे रांगेत नाव घालावे.

कलम चौथे. सातही ई-पुस्तकांचे हक्क व त्यांतून येईल ते उत्पन्न हाब्बो आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनची यांतिना वोल्थाउस यांस निम्मे-निम्मे. यांतिना कोण, ते लिहायला हवे. पहिला भाग मी स्वतः वितरकाकडे चढवला, म्हणजे ज्याला एकदा फाईल दिली की तो ती सगळ्या दुकानांत आणि वाचनालयांत पोचवतो, त्याच्याकडे. भाषेच्या यादीत आमची प्लाट नव्हतीच. शेजारधर्म म्हणून मी डचवर खूण केली. पुस्तक सीमेपलीकडच्या दुकानांत जाऊन बसले, जिथे म्हातारी माणसे आमच्यासारखीच बोली बोलतात, आणि पहिला अभिप्राय आला: "इतकं वाईट डच मी जन्मात वाचलं नाही. माझी आई मात्र हसून हसून रडली. दुसरा भाग कधी?" ती यांतिना. पुढचे सगळे भाग तिनेच तपासले. ती डचची खूण कोणीही दुरुस्त करू नये. माझे निम्मे वाचक त्या खुणेमुळे आहेत.

कलम पाचवे. पुस्तके कोणा एकाच मोठ्या दुकानाला बांधून देऊ नयेत. तशी संमती देण्याची खूण दुकानाच्या पानावर फार आकर्षक ठिकाणी ठेवलेली असते आणि हाब्बोला आकर्षणे झेपत नाहीत. एका दुकानाला बांधली की वाचनालये सुटली, आणि मोठ्या अक्षरांत वाचणाऱ्या म्हाताऱ्या सुटल्या.

कलम सहावे. आमच्या कायद्याने प्रत्येक पुस्तकात जिवंत माणसाचा खरा पत्ता द्यावाच लागतो. माझ्या पश्चात तो हाब्बोच्या चहाच्या दुकानाचा द्यावा. वाचक आले तर चहा विकावा, मते सांगू नयेत.

कलम सातवे, आणि हेच मुख्य. काल मी शेवटचे प्रकरण पुन्हा लिहिले. खुनी बदलला. ते प्रकरण आता यांतिनाकडे तपासायला आहे. मंगळवारी दुपारी तिचे काम संपेल, आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण फाईल वितरकाकडे चढली नाही, तर आगाऊ मागणी केलेल्या सर्वांची मागणी रद्द होईल. त्या वेळी मी औषधांच्या गुंगीत असेन किंवा त्यापलीकडे. कायदा म्हणतो, मृत्युपत्र मेल्यावरच चालते. हाब्बो, हे कलम सोमवार सकाळपासून चालू समज.

फाईल फक्त यांतिनाकडे आहे. खात्याचा परवलीचा शब्द मी फक्त हाब्बोला सांगितला आहे. फोनवर वा मेलने कोणी कोणाला काही द्यायचे नाही; दोघांनी एका टेबलाशी बसल्यावाचून सातवा भाग निघत नाही, आणि ही योजना जाणूनबुजून आहे. तो म्हणतो तिचा चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. ती म्हणते त्याच्या तोंडाला झाकण नाही. दोघांचेही खरे आहे.

हाब्बोच का, असे यांतिनाने फोनवर विचारले. "तो तर म्हणतो, काचेवर वाचणं म्हणजे बरणीबाहेरून चहा हुंगणं."

तिला उत्तर इथे देते. मागच्या शरद ऋतूत चहा घेताना हाब्बो सहज म्हणाला, "तुझ्या गोष्टीतला तो नावाडी बुडायलाच हवा होता. वाचवलास कशाला?"

"तू वाचतोस?"

"छे. गिऱ्हाइकं बोलतात. कानावर पडतं."

"गिऱ्हाइकांच्या पुस्तकात तो बुडतो, हाब्बो. तो वाचतो ती बदललेली फाईल मी कालच चढवली; नव्याने उतरवून घेणाऱ्यालाच ती दिसते. अजून कोणाला ठाऊकसुद्धा नाही."

त्याने कपात आणखी एक खडीसाखरेचा खडा टाकला आणि खिडकीबाहेर पाहिले. तरुणपणी मी पोथ्यांमधले पाठभेद शोधत असे. एका पाठभेदाने सख्खा भाऊ सापडेल असे तेव्हा कोणी शिकवले नव्हते.

कलम आठवे. फाईल चढल्यावर दोघांनी आमच्या रीतीने तीन कप चहा घ्यावा, साय ढवळू नये. तिसऱ्या कपापर्यंत कोणीही कपात चमचा ठेवून पुरे म्हणू नये. माझाही कप मांडावा. त्यात चमचा ठेवू नये.

लेर, शनिवार, १४ मार्च २०२६
सही: गेशे उब्बेन

साक्षीदार: ओनो टामेन, टपालवाटप, लेर. सही केली.
साक्षीदार: अल्मुट साथॉफ, शेजारीण. सर्व कलमे वाचली. खुनी कोण, ते यात कुठेही लिहिलेले नाही, ही तक्रार नोंदवून सही करते. गेशेने शुक्रवारी स्वतः येऊन सांगावे.