हत्तीवरून दिलेली घोषणा
रविवार, १२ मे १९५७

राणीच्या बागेत आमची कुसुम हत्तीवर बसली आणि वरून ओरडली, “संयुक्त महाराष्ट्र...” ह्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. सरकारी नोकरी ना! “अगं, गप्प बस! ऑफिसातलं कोणी ऐकेल.”

तेवढ्यात मागच्या बाकावरून दणदणीत आवाज आला, “झालाच पाहिजे!”

वळून बघतो तर ह्यांचेच हेडक्लार्क! मांडीवर नात, हातात शेंगदाण्यांची पुडी. दोघांचेही चेहरे बघण्यासारखे. शेवटी त्यांनी गुपचूप पुडी पुढे केली, ह्यांनी गुपचूप दाणे घेतले. म्हणजे इतके दिवस दोघं एकमेकांनाच भीत होते की काय? मला हसू आवरेना.

संध्याकाळी चाळीच्या जिन्यात हे कुसुमला म्हणाले, “पुन्हा ओरड बघू.” आणि टोपी काढून असं उत्तर दिलं, की तिन्ही मजल्यांची दारं उघडली.