देशात नववा नंबर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
तनुजाची मॅच गुरुवारी चार वाजता, कॉलेजच्याच ग्राउंडवर. गुरुवार म्हणजे आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी. कॉलेज मोशीत, आम्ही मोशीत. कारणाला जागाच नाही. दोन वर्षांत लेकीच्या बास्केटबॉलच्या दहा मॅच झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा माझ्या हुकल्या. (दहाही.) हे बरोबर नाही. गुरुवारी जाणार म्हणजे जाणार. जेवताना तनुजाला तसं सांगितलंसुद्धा. ती बरं म्हणाली.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सायं. ६.४०
दुपारी जेवून जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं. दोष धपाट्यांचा आहे, आणि वर दह्याचा. बायकोने निघताना दोनदा उठवलं म्हणे. मला एकदाच आठवतं.
मुली मॅच जिंकल्या. तनुजाने पायरीवर स्वतःची पिशवी ठेवून माझ्यासाठी जागा धरली होती, हे बायकोने सांगितलं. तनुजाने ती पिशवी खुंटीला अडकवली आणि अभ्यासाला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. चहा नको वाटत होता. तरी दोन कप घेतला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये विचार केला. टाळ्या काय, कुणीही वाजवतं. बापाने आपल्या कौशल्याने पोरीच्या उपयोगी पडावं. अमेरिकेत म्हणे कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीम्सची देशभराची क्रमवारी दर आठवड्याला निघते. आपल्याकडची शोधली, मला काही सापडली नाही. मग मी काढतो.
अठरा वर्षं सप्लायर क्वालिटीला आहे. सुटे भाग पुरवणाऱ्या साठ व्हेंडरना दर महिन्याला एका शीटवर मार्क देतो: माल कसा होता, वेळेवर आला का, कागद पाठवले का. कागद नाही आले तर शून्य. माझ्या शून्याला चिखलीपासून चऱ्होलीपर्यंतचे वर्कशॉपवाले घाबरतात. तीच शीट वापरायची, फक्त नावं बदलायची.
देशभरातल्या एक्केचाळीस कॉलेजांना मेल टाकले: दोन वर्षांचे निकाल त्वरित पाठवावेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार
चार दिवस वाट पाहिली. व्हेंडरला आम्ही तीनच देतो. दोन उत्तरं आली. एकाने अ‍ॅडमिशनचं माहितीपत्रक पाठवलं, दुसऱ्याने आपण कोण म्हणून विचारलं. बाकी सगळे अप्राप्त, म्हणून शून्य. नियम तो नियम. तनुजाच्या टीमचे आकडे मात्र घरचेच. अकरापैकी तीन जिंकल्या.
शीट चालवली. तनुजाचं कॉलेज देशात पहिलं आलं. बापाच्या क्रमवारीत लेक पहिली, हे दिसायला वाईट. म्हणून मार्क कापत गेलो. रिंगला जाळी नाही, दोन मार्क. ग्राउंडवर पाणी साचतं, पाच. मोठ्या आठ कॉलेजांना मान म्हणून थोडे वाढवून दिले आणि नवव्या नंबरावर थांबलो. पहिला म्हटलं की लोक पुरावा मागतात, नववा म्हटलं की अभिनंदन करतात.
सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. चौसष्ट अंगठे आले. तनुजाने विचारलं, हे कुणी काढलंय. एका स्वतंत्र संस्थेने, असं सांगितलं. खोटं नाही. गुरुवारी मी स्वतंत्रच असतो. तिने फोनवर शीट बोटांनी मोठी करून पाहिली, मग फोन पालथा ठेवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आमची सोसायटी ज्यांच्या शेतावर उभी आहे ते मालोजीशेठ गेटवर भेटले. म्हणाले, "रोहिदासभाऊ, देशात नववा म्हंजी काय खायचं काम हाय व्हय? गावाचं नाव झालं. आमी फ्लेक्स लावनार, तुमी काय बोलायचं न्हाई."
मी काही बोललो नाही. त्यांनीच तसं सांगितलं होतं.
संध्याकाळी चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. वर मालोजीशेठ, खाली अकरा शुभेच्छुक, त्यात मी, गॉगल घालून. (फोटो लोणावळ्याचा.) टीमचा फोटो कोपऱ्यात आहे. तनुजाच्या तोंडावर नेमकं माझं नाव आलंय. मन खात होतं. तरी फोटो काढून लातूरला भावाला पाठवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
टीमच्या कोच दिव्या मॅडम यांचा फोन. फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत नगरकडे गेला आणि तिकडची एक तगडी टीम देशातल्या नवव्या टीमशी खेळायला येत्या गुरुवारी येतेय. मालोजीशेठने परस्पर होकार दिला, मंडप आणि ढोलपथकही ठरवलं. त्या संस्थेचा पत्ता मिळेल का, असं मॅडमनी विचारलं. चौकशी करतो म्हणालो.
आता खरं सांगायला हवं. मॅचच्या आधी माईकवर जाऊन सांगणार: क्रमवारी माझी, चूक माझी. दीड पान भाषण लिहून काढलं. चांगलं झालंय. दोन ठिकाणी माझेच डोळे भरून आले.

२० नोव्हेंबर, गुरुवार
कंपनीत निकड निघाली, ओव्हरटाइमला जावं लागलं. (निकड आहे का, हे सकाळी मीच फोन करून विचारलं. साहेब नाही म्हणाले. तरी गेलो.) चार वाजता स्टोअरमध्ये ब्रॅकेट तपासत होतो. भाषण खिशात होतं.
एकाहत्तर-अठरा. हरल्या. अठरातले दहा तनुजाचे. पुढचं बायकोने सांगितलं. अर्ध्या मॅचमध्येच ढोलवाले उठून गेले. बघे नववा नंबर, नववा नंबर म्हणून हसायला लागले. मॅच संपल्यावर मालोजीशेठने माईकवर विचारलं की हा नंबर दिला कुणी. सगळे दिव्या मॅडमकडे बघायला लागले. मॅडमची मान खाली. तेव्हा तनुजा तशीच घामाघूम पुढे गेली.
"नंबर माझ्या पप्पांनी काढलाय," म्हणाली. "त्यांच्या कंपनीची शीट मी ओळखते. मॅडमचा काही संबंध नाही. पप्पांनी माझ्यासाठी केलं ते, त्यांना कुणी काही बोलू नका."
म्हणजे तिला बारा तारखेपासून माहीत होतं. माझं दीड पानाचं भाषण तिने चार वाक्यांत उरकलं, आणि तेही मला सांभाळून घेत. लाज वाटली. खरोखर वाटली. जेवण नको म्हणालो. कुणी आग्रहही केला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
तनुजाची माफी मागायचं ठरवलं. मी फर्स्ट शिफ्टला निघालो तेव्हा ती झोपलेली. चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली: चुकलो. यापुढे एकही मॅच सोडणार नाही. तुझा पप्पा. परत आलो तर खाली तिने लिहिलेलं, ओके पप्पा.
चौकातला फ्लेक्स उतरला. तिथे आता मालोजीशेठच्या पुतण्याचा वाढदिवस आहे. क्रमवारी ग्रुपवरून डिलीट केली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, सायं. ५.१५, कॉलेजच्या ग्राउंडवरून
आज दुपारी जेवलोच नाही, म्हणजे झोपेचा प्रश्न नको. बायको सकाळीच कुठेतरी बाहेर गेली होती, त्यामुळे धपाटेही नव्हते. साडेतीनलाच येऊन बसलो. लिंबू सरबताची बाटली आणली, सगळ्या टीमला पुरेल एवढी. तनुजाच्या मॅच गुरुवारी चारला असतात, एवढं आता मला पाठ आहे. म्हणून मुद्दाम कुणाला विचारलं नाही. तिने खेळता खेळता वर बघावं आणि मी दिसावं, असा बेत होता. शेजारी पिशवी ठेवून बायकोसाठी जागाही धरली.
चार वाजले. सव्वाचार. साडेचारला वॉचमन भैरू आला आणि कुणाची वाट बघताय म्हणून विचारलं. मुली तर सकाळीच गाडीने तळेगावला गेल्या, मॅच तिकडे आहे, म्हणाला.
बायकोला फोन लावला. मागे शिट्ट्या आणि टाळ्या ऐकू येत होत्या. ती तिकडेच होती. मॅच आत्ताच जिंकल्या. मी म्हणालो, मला कुणी सांगितलं का नाही? ती गर्दीतून बाजूला आली.
"अहो, तनुजाच म्हणाली, पप्पांना सांगू नको. सांगितलं की बिचाऱ्यांना कारण शोधत बसावं लागतं."
फोन ठेवला. भैरूला सरबत दिलं, एक ग्लास मी घेतलं. साखर कमी पडलीय.
मोबाईलवर जुनी शीट उघडली. सगळी कॉलेजं काढून टाकली आणि एकच नाव ठेवलं, माझं. मॅच तेरा, हजेरी शून्य. आजचा दिवस धरायचा का, हे ठरवता येत नाही. धरावा असं वाटतं. तूर्त तो रकाना मोकळा ठेवलाय.